उन्हात वाळत घातलेली रेकॉर्ड

आमच्या भागात जुन्या इंग्रजी रेकॉर्ड शोधायला दुकानात जाऊन उपयोग नाही, कारण तसलं दुकानच नाही. इथे रेकॉर्ड मिळतात त्या कुणाच्या तरी मागे राहिलेल्या सामानातून. कर्जतपासून कशेळ्यापर्यंत आणि त्याच्याही पुढे मुंबईच्या लोकांनी फार्महाऊस बांधलेली आहेत. सुरुवातीला दर शनिवारी उघडायची, मग सणावारी, मग नुसती रखवालदारापुरती. मालक म्हातारा होतो, एक दिवस जातो. मुलं परदेशात असतात, त्यांना आंब्याच्या झाडांचं सुद्धा काही पडलेलं नसतं. मग टेंपो येतो आणि सोफे, कपाटं, बंद पडलेले फ्रिज भरून चौक गावाला भंगारात जातो. त्या सामानात कधीतरी, दहा टेंपोंतून एकदा, रेकॉर्डचा खोका असतो. त्या एका खोक्यापायी मी चौकच्या भंगारवाल्याशी वर्षानुवर्षं दोस्ती टिकवली आहे. त्याच्या घरच्या लग्नांना मी गेलो आहे, बारशांना गेलो आहे, आणि त्याच्या कोंबड्यांच्या तब्येतीची चौकशी मी न चुकता करतो.

मी मोहोपाड्याला राहतो. रसायनीच्या एका कारखान्यात लॅबमध्ये आहे, निवृत्ती जवळ आली आहे. मूळ गाव कशेळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. घरी भाताची शेती. अशा घरातल्या माणसाला प्रोग्रेसिव्ह रॉकचा नाद कसा लागला, असं लोक विचारतात. कॉलेजात असताना खोलीतल्या सोबत्याकडे एक घासून घासून जुनी झालेली कॅसेट होती, एवढंच उत्तर आहे. बाकीच्या पोरांनी ती एकदा ऐकून कान धरले. मी ती त्याला परत दिलीच नाही.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय, हे मी आजवर पुष्कळ जणांना समजावलं आहे आणि एकालाही ते समजलेलं नाही. सत्तरच्या दशकात विलायतेतल्या काही पोरांना वाटलं, की तीन मिनिटांचं गाणं आपल्याला पुरत नाही. मग त्यांनी रेकॉर्डची अख्खी बाजू भरेल एवढं एकच गाणं करायला सुरुवात केली. मधेच बासरी, मधेच चर्चमधल्यासारखा ऑर्गन, ठेका कधी सात मात्रांचा तर कधी अकराचा. चांगलं चाललेलं असताना एकदम थांबायचं आणि भलतीकडूनच सुरू व्हायचं. बायको म्हणते, "ह्यांचं गाणं सुरू झालं की मी कुकर लावते. गाणं संपेस्तोवर वरण-भात, भाजी, कोशिंबीर, सगळं होतं." तिचं खरं आहे. पण मला नेमकं तेच आवडतं. कुणी तरी घाई न करता, कुणाला आवडेल की नाही ह्याची फिकीर न करता, आपलं म्हणणं शेवटापर्यंत नेतंय, हे ऐकताना माझ्या अंगात बळ येतं. आमच्या घराण्यात हट्ट हीच काय ती इस्टेट. त्या पोरांशी माझं तिथेच जमलं असावं.

रेकॉर्ड मिळवणं हा अर्धा हट्ट, त्या टिकवणं हा उरलेला. आमच्याकडची हवा चार महिने ओली. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे पुठ्ठ्याच्या कव्हरांची काय कथा. रेकॉर्डवर पांढरे ठिपके पडतात, सुई त्यावरून गेली की कढईत मोहरी तडतडल्यासारखा आवाज येतो. म्हणून नवी रेकॉर्ड घरात आली की मी ती आधी धुतो. बॅटरीत घालायचं पाणी, त्यात साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, गोल गोल खाचांच्या दिशेनेच पुसायचं. मग स्वयंपाकघरातल्या ताटं ठेवायच्या स्टँडवर उभी करून सावलीत वाळवायची. ह्या स्टँडवरून आमच्या घरात भांडणं झालेली आहेत. शेवटी बायकोने नवं स्टँड आणलं आणि जुनं माझ्या हवाली केलं.

खालापूरच्या चाचांची बातमी मला भंगारवाल्यानेच दिली. "बोटीवर होते. इंजिनात. तुमच्यासारख्याच काळ्या ताटल्या हायत त्यांच्याकडं. पन देत नाय कुणाला."

देत नाही म्हटल्यावर मी दुसऱ्याच दिवशी गेलो.

चाचांच्या पुतण्याचं पेठेत हार्डवेअरचं दुकान, वरती घर. चाचा दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेले. ऐंशीच्या आसपासचं वय, कडक इस्त्रीचा सदरा, पांढरी दाढी नीट कातरलेली. त्यांचे वाडवडील खाली किनाऱ्याकडचे, दर्यावर्दी. चाचांनीही उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढला. मी आलो कशाला ते सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला. मी परत सांगितलं. मग पुतण्या गल्ल्यावरून म्हणाला, "मोठ्यानं बोला. उजवा कान कवाच गेलाय. डाव्यात बोला, त्यात थोडं हाय."

मी डाव्या कानात ओरडलो, "रेकॉर्ड बघायच्या आहेत."

"बघ. विकायच्या नाय," चाचा म्हणाले.

पत्र्याच्या पेटीत होत्या. बऱ्याचशा वाळवीने खाल्लेल्या, कव्हरं हातात घेतली की भुगा. मी एकेक काढत होतो, आणि तळाशी ती निघाली. कव्हरवर एक भलामोठा शिंपला, आणि त्या शिंपल्यात वसलेलं अख्खं गाव, घरं, रस्ते, एक घंटेचा मनोरा. बँडचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं, आणि ह्या विषयात मी कधी न ऐकलेलं नाव सापडणं सोपं नाही. पहिल्या बाजूवर एकच गाणं, दुसरीवरही एकच.

"हॉलंडमधी घेतलीवती," चाचा म्हणाले. "बोट दुरुस्तीला लागलीवती. दुकानात ही लावलेली. पाय हलंना माझा तिथनं." पुढे बऱ्याच बोटींवर ती त्यांच्या बिछान्याखाली फिरली. इंजिनरूममधून वर आलं की ऐकायचे. घरी आल्यावर प्लेअर बंद पडला, सुई मिळेना, आणि तिथपासून ती पेटीत. एवढ्या वर्षांत त्यांनी ती ऐकलेली नव्हती.

आता तर सगळं मोबाईलवर मिळतं, असं मला नेहमी ऐकवलं जातं. ही मिळत नव्हती. मी घरी येऊन शोध शोध शोधली. त्या पोरांनी एकच रेकॉर्ड काढली, ती पण थोड्या प्रतींची, आणि मग आपापल्या नोकऱ्यांना लागली. कुठल्याशा संग्राहकाने कव्हरचा फोटो टाकला होता. आवाज कुठेच नव्हता.

त्यानंतर मी खालापूरला जातच राहिलो. माझा हेतू अगदी शुद्ध होता असं मी म्हणणार नाही. मला ती रेकॉर्ड हवी होती. पण जाता जाता चाचांशी सूत जमलं. ते मला बंदरं सांगायचे, मी त्यांना सुया, पट्टे, अँप्लिफायर सांगायचो, ते सुद्धा पेठेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. एका दुपारी ते आपण होऊन म्हणाले, "पनवेलला डॉक्टरला दाखवलं. म्हनतो, हा डावा पन जानार. इंजिनानं खाल्ला. मशीन लावलं तरी बोलनं कळंल, गानं नाय कळनार." मग खुर्ची माझ्याकडे ओढली. "मला ती येकदा ऐकायची हाय. मंग तू घेऊन जा."

माझा प्लेअर तिथे न्यायचा, शुक्रवारी नमाजनंतर ऐकायचं, असं ठरलं. रेकॉर्डवर बुरशी होती, तशीच लावली असती तर चाचांच्या उरल्यासुरल्या कानात मोहरीच तडतडली असती. म्हणून ती धुवायला मी घरी आणली. चाचांनी ती माझ्या हातात देताना दोन्ही हातांनी दिली.

आता आईकडे येतो. आई गावी असते, धाकट्या भावाकडे. उन्हाळ्यात महिनाभर आमच्याकडे येते, ती तांदूळ, वाल, पापडाचं पीठ अशी सगळी रसद घेऊनच. आणि आली की तिचं एक काम ठरलेलं असतं. पावसाच्या आधी घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंना ऊन दाखवायचं. गोधड्या, उशा, डाळी, मसाले, ट्रंकेतल्या पैठण्या, लाकडी पाट, देवांच्या मखमली गाद्या सुद्धा. ऊन न दाखवता वस्तू पावसाळ्यात नेली तर ती तुमची राहत नाही, बुरशीची होते, असं तिचं मत आहे. आणि ते बरोबरच आहे. आमच्याकडचे सगळेच हे करतात. एप्रिल-मे महिन्यात आमच्या कॉलनीच्या गच्च्या बघितल्या तर घरं उलटी करून वर ठेवलीत की काय असं वाटेल.

मी सकाळी रेकॉर्ड धुतली, स्टँडवर उभी केली आणि कामावर गेलो. माझ्या बाकीच्या रेकॉर्ड कुलूपबंद कपाटात. बायको शिकवायला शाळेत. आई घरात एकटी. तिने स्टँडवर ओली काळी ताटली पाहिली. तिला एवढंच दिसलं, की पोराने काहीतरी जपून धुतलंय आणि अंधारात ठेवून विसरून गेलाय. ती तिने अलगद उचलली, वर नेली आणि गोधडीवर, कुरडयांच्या शेजारी, भर उन्हात ठेवली. उडू नये म्हणून कडेला एक वाटीही ठेवली.

मी परत आलो तेव्हा तिने कौतुकाने सांगितलं, "तुझी ताटली वाळली रं. मगाशीच आनून ठेवलीय."

रेकॉर्ड मी हातात घेतली. ती आता सपाट नव्हती. कडेला लाटा आल्या होत्या, आणि वाटी होती तिथे एक खळगा. पापड तळताना तेलात पडला की जसा उठतो, तशी.

मी आईला त्या दिवशी जे बोललो ते इथे लिहिणार नाही. बोललो एवढं खरं. आई आधी गोंधळली, मग घाबरली, आणि मग आमच्या घराण्याला शोभेल अशी तिनेही मान वर केली. "धुतलेलं सावलीत कोन वाळवतं रं? मला काय म्हाईत? तूच तर म्हनतोस, बुरशी लागती, बुरशी लागती."  रात्री जेवली नाही. सकाळी गोधड्या घड्या घालून ठेवलेल्या होत्या आणि उरलेल्या वस्तूंना ऊन दाखवायचं तिने सोडून दिलं होतं.

बायको म्हणाली, "चाचांना काही सांगू नका. बघा काही होतंय का, मग सांगा." पण चाचा वाट बघत होते आणि त्यांचा कान माझ्यासाठी थांबणार नव्हता. मी दुसऱ्याच दिवशी खालापूरला गेलो.

वाईट बातमी हळू आवाजात, मान खाली घालून सांगायची असते. चाचांच्या बाबतीत ती सोय नव्हती.

"रेकॉर्ड वाकडी झाली!" मी डाव्या कानात ओरडलो.

"कशी?"

"धुतली होती! आईनं उन्हात ठेवली!"

पाइप घ्यायला आलेला एक माणूस दचकून वळला. "कुनाला ठेवलं उन्हात?" त्याने पुतण्याला विचारलं. समोरचा चहावाला बाहेर आला. मी पुन्हा सगळं पहिल्यापासून ओरडलो, कारण चाचांना निम्मंच कळलं होतं. धुणं, स्टँड, गोधडी, कुरडया, वाटी. अख्ख्या पेठेला आमच्या घरातलं वाळवण पाठ झालं.

 मला वाटलं, चाचा आता उठून वर जातील. ते म्हणाले, "सुई चालंल?"

"नाही!"

"मंग सरळ कर. तू लॅबवाला ना?" आणि मी निघालो तेव्हा मागून म्हणाले, "आईला काय बोललास?" मी पायरी उतरून चालायला लागलो. "म्हंजी बोललास. तिला पन घेऊन ये शुक्रवारी. तिनं काय वाळत घातलंवतं, ते तिला ऐकू तर दे."

सरळ कर म्हणाले आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. हे प्लॅस्टिक आहे. प्लॅस्टिक तापवून, वाकवून, ओढून, मोडून बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. जे उष्णतेने वाकलं ते उष्णतेनेच सरळ होऊ शकतं, फक्त किती तापवायचं आणि कसं निववायचं हे साधलं पाहिजे. जास्त तापलं तर खाचाच पुसल्या जातील, मग तबकडी आरशासारखी सपाट होईल आणि आतलं गाणं कायमचं जाईल.

मोहोपाड्याच्या काचवाल्याकडून मी जाड काचेचे दोन तुकडे कडा घासून आणले. चौकहून भंगारातल्या, कुणालाच नको असलेल्या रेकॉर्ड आणल्या. आधी त्या मुद्दाम उन्हात वाकवल्या आणि मग दोन काचांत घालून गच्चीवर तापवायला ठेवल्या. पहिली जास्त तापली. सपाट झाली खरी, पण गाणारा विहिरीच्या तळातून गातोय असं वाटायला लागलं. दुसरी मी घाईने गरम असतानाच बाहेर काढली, ती उलट्या बाजूला वाकली. तिसरीची तर परडीच झाली. बायकोने तिच्यात लसूण ठेवला. लॅबमध्ये माझे सहकारी विचारायला लागले, की तुमचा चेहरा एकाच बाजूने का भाजलाय.

चौथ्या वेळी मी गच्चीवर उकिडवा बसलो होतो, आणि जिन्यावर आईची पावलं वाजली. त्या दिवसापासून ती माझ्याशी धड बोलली नव्हती. आली, काचेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि समोर बसली.

"काय करायचं असतं?"

"तापली की काच सावलीत ओढायची, वर वजन ठेवायचं, आणि पार गार होईस्तोवर हात लावायचा नाही. तेच मला जमत नाही."

"तुला न्हानपनापास्नं नाय जमत," ती म्हणाली. "कुरडई वाळायच्या आधीच खायचास." मग खाली गेली आणि गावाहून आणलेल्या तांदळाची गोणी पायरी पायरीने ओढत वर आणायला लागली. मी धावत जाऊन ती घेतली. ती गोणी काचेवर ठेवली आणि आई गोणीशेजारी बसून राहिली. दोनदा मी उघडायला गेलो. दोन्ही वेळा तिने माझ्या हातावर चापट मारली. ती रेकॉर्ड सरळ निघाली. वाजवली तर भाषण होतं कुणाचं तरी. आम्ही दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

मग खरी रेकॉर्ड काचेत घातली.  तापवली, ओढली, गोणी ठेवली. आई त्या दिवशी जेवायला सुद्धा खाली आली नाही, बायकोने ताट वर नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काच उचलली. मधला सगळा भाग सपाट होता. वाटीचा खळगाही गेला होता. पण बाहेरच्या कडेला बोटभर रुंदीची एक लाट तशीच राहिली होती. म्हणजे गाण्याची सुरुवात.

अजून एकदा तापवावी असं मनात आलं. हट्टाचं तेच सांगणं होतं. पण कडेच्या खाचा आधीच नाजूक झाल्या होत्या, आणि पुढच्या वेळी मधल्याही गेल्या असत्या. ते अर्धं काम तसंच सोडणं मला फार जड गेलं. मी रेकॉर्ड कव्हरात घातली.

शुक्रवारी रिक्षा केली. माझ्या मांडीवर प्लेअर, पायाशी अँप्लिफायर आणि एक स्पीकर, दुसरा स्पीकर आईच्या मांडीवर. चौकच्या वळणावर रिक्षावाल्याने विचारलं, "वाजवायला चाललाव काय कुठं?" आई म्हणाली, "व्हय. लांब नाय, खालापूरलाच." चाचांसाठी तिने पापड घेतले होते.

वरच्या खोलीत चाचा नमाजहून येऊन बसलेले होते, नवा सदरा घालून. आईला त्यांनी पत्र्याच्या पेटीवर बसायला सांगितलं आणि स्वतः पेटीला पाठ टेकून खाली गालिच्यावर बसले, डावा कान स्पीकरकडे करून. मी जोडण्या केल्या. सुई कडेला ठेवली. ती लाटेवर चढली, घसरली आणि सरळ बाहेर पडली. सुईच्या डोक्यावर नाणं ठेवलं, जुनी युक्ती. तरी बाहेर. आई माझ्याकडे बघेना. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"सुरुवात गेली!" मी चाचांच्या कानात ओरडलो. "इथून पुढे लागेल!" आणि तबकडीवर जिथे खाचांची काळी, चकचकीत रेघ होती ती दाखवली. अशी रेघ म्हणजे तिथे संगीत शांत होतं.

चाचांनी ती निरखून पाहिली. "हां. तिथं ढोल येतो," ते म्हणाले. "थांब. लावू नको." त्यांनी डोळे मिटले आणि गुणगुणायला लागले.

मी बरंच संगीत ऐकलं आहे, त्यामुळे सांगतो, ते बेसूर होतं. बहिऱ्या माणसाला स्वतःचा सूर कळत नाही. पण उजव्या हाताचं एक बोट ते गुडघ्यावर आपटत होते, एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन, सातांचा ठेका, आणि त्यात तसूभर फरक नव्हता. कुठे तरी लांब घंटा वाजते, मग काही तरी वर चढतं, मग थांबतं. बोट थांबलं नाही. मग त्यांनी मला हाताने खूण केली, लाव. मी सुई त्या रेघेवर सोडली. थोडा वेळ नुसती खरखर, आणि मग ढोल आला, त्यांच्या बोटाखालीच आला, जसा काही तिथूनच निघाला. चाचांच्या तोंडून "या अल्ला" निघालं. मला हुंदका आला आणि मी तो दाबला नाही.

ढोल, बास, ऑर्गन, सगळं धबाधबा आलं. जाड आवाज त्यांच्या कानात अजून पोचत होते. ते हसत होते, मान डोलवत होते. बदल यायच्या आधी बोट वर करायचे आणि तो यायचाच. मी माझ्या आयुष्यात इतकं मन लावून कधी काही ऐकलं नव्हतं.

मग बासरी आली. बाकी सगळं थांबलं आणि एकटी बासरी राहिली, त्याच सातांच्या चालीने, पण अगदी हलकी. खोली भरून गेली होती. चाचांनी डोळे उघडले. बोट अडखळलं. त्यांनी स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बंद पडली काय रं?"

"चालू आहे!" मी ओरडलो.

त्यांनी कान स्पीकरला नेऊन टेकवला. मग मागे सरले. बासरी चालली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. बोट गुडघ्यावर पडून राहिलं. पुढे कुठे जोडून घ्यायचं ते आता त्यांना कळणार नव्हतं. आणि मला काय करावं ते सुचेना. इतकी खटपट केली ती ह्याच्यासाठी, आणि आता मी नुसता सुईकडे बघत उभा.

तेवढ्यात पेटी वाजली. आई ज्या पेटीवर बसली होती, तिच्यावर ती तळहाताने थापा मारत होती. एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन. एकदा चुकली, आठवी थाप पडली, जीभ चावली आणि पुन्हा धरलं. चाचांची पाठ पेटीला टेकलेली होती. ते एकदम ताठ झाले. मान वळवून त्यांनी आईकडे पाहिलं. आईने त्यांच्याकडे बघितलं नाही, ती खालचा ओठ दातात धरून थापाच मारत होती, शेतात एकदा हात घातला की बांधापर्यंत काम सोडायचं नाही तशी. हळूहळू चाचांचं बोट उठलं आणि तिच्या थापांवर पडायला लागलं. बासरी फार लांबली. आईच्या कपाळावर घाम आला.  मग खालून बास आला, मोठा, छातीत जाणवेल असा, आणि नेमका थापेवर आला.

"आली," चाचा म्हणाले. "आली, आली."

बाजू संपली. मी सुई उचलली. आई तळहात चोळत बसली होती, तो लाल झाला होता.

चाचा तिच्याकडे वळून त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमी हे आधी कवा ऐकलंवतं?"

"मी कुठं ऐकनार?" आई म्हणाली. "तुमचं बोट बघत व्हते."

त्यांना ऐकू गेलं नाही. मी खाली वाकून डाव्या कानात ओरडून सांगितलं.  हात वर करून ते बोट त्यांनी एकदा उलटसुलट करून बघितलं, आणि दोन्ही डोळे त्याच हाताच्या पालथ्या बाजूने पुसले.

मग म्हणाले, "दुसरी बाजू लाव. तिची पन सुरुवात पाठ हाय मला."